शेऱ्याचा रकाना

४ जुलै

चि. खारूस,

तुझं प्रवासाचं बिल परत पाठवते आहे. वर ऑफिसचं छापील हरकतपत्र आहे, ते फाइलसाठी. हे पत्र तुझ्यासाठी, म्हणून बिलाच्या मागे टाचलंय.

फॉर्मवरचं नाव वाचून मी आधी चष्मा पुसला. विहिरींची पातळी मोजायला संस्थेने एक नवीन मुलगी घेतली एवढं कानावर आलं होतं. ती तू असशील हे डोक्यात आलं नाही. तुला शेवटचं बघितलं तेव्हा तू सतरा वर्षांची होतीस आणि खारीसारखे दोन्ही गालांत दाणे भरून बोलायचीस. बापाची जुनी नोकरी लेकीने परीक्षा देऊन मिळवली, याचा मला आनंद झाला. तो हरकतपत्रात लिहिता येत नाही.

आता हरकत. स्वतःच्या गाडीने कामावर फिरणाऱ्याला संस्था किलोमीटरमागे पैसे देते. त्यासाठी निघताना आणि परतल्यावर गाडीच्या मीटरवरचा आकडा कर्मचाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचा असतो. तुझ्या फॉर्मवर तारखा तुझ्या हातच्या आहेत, आकडे तुझे नाहीत. पोटावर आडवी रेघ असलेला सात या संस्थेत दोनच माणसं काढायची. त्यातली एक मी. दुसऱ्याने मला तो पाटीवर शिकवला.

तेव्हा सरळ विचारते. गाडी कोण चालवतं? निवृत्त झालेला दादा चालवत असेल आणि तू शेजारी बसून फिरत असशील, तर आत्ताच सांग. डिसेंबरअखेरपर्यंत तू तात्पुरती आहेस. कायम करताना बाकी सगळ्या चुकांना साहेब माफी देतात. खोट्या बिलाला नाही.

फोन करू नकोस. फोनवर मला ऑफिसातल्यासारखंच बोलता येतं.

तुझी
आत्या


१५ जुलै

ती. आत्यास,

आधी मी पूर्ण पत्र 'तुम्ही' असं लिहिलं होतं, मग फाडलं. टेबलाला तुम्ही म्हणावं आणि आत्याला तू, असं मी ठरवलंय. फॉर्मवर तुम्ही, टाचणीमागे तू.

गाडी मीच चालवते. शपथ. परवाना मिळून चौदा महिने झाले, झेरॉक्स सोबत आहे. बाबांचीच जुनी राखाडी गाडी, कागद आता माझ्या नावावर. तिचा मागचा डावा दरवाजा आतूनच उघडतो, हे तुला आठवत असेल.

बाबा सोबत येतात एवढंच. आई गेल्यापासून घरात एकटं बसायचा त्यांना कंटाळा येतो. तसंही या सोळा विहिरी त्यांच्याच. मी अजून वहीत बघून रस्ता शोधते तोवर ते म्हणतात, "चिंचेपाशी डावीकडे घे, आणि गिअर उतरव, बिचारी कण्हतेय." विहिरीवर मी वजन बांधलेली फीत खाली सोडते. पाण्याला वजन लागलं की टप असा आवाज येतो, तो ऐकून फितीवरचा आकडा घ्यायचा. मला ऐकू यायच्या आत बाबा गाडीतूनच ओरडतात, "लागली!" माझे हात मातीने आणि शेवाळाने भरलेले असतात, म्हणून मीटरचा आकडा ते लिहितात. नियम मला माहीत नव्हता, चुकलं.

वरच्या ऑफिसातून बिल परत आलं हे त्यांना सांगावंच लागलं. म्हणाले, "त्या टेबलाशी अजून तीच बसते का?" मी हो म्हटलं. जरा वेळ गाडीचा पट्टा लावत बसले. लागला होता तरी. मग म्हणाले, "तर मग आकडे नीट लिही. ती सोडत नाही."

तुला पत्र लिहिते हे त्यांना ठाऊक नाही. ते कायम हाताच्या अंतरावर असतात, म्हणून फोनचं मलाही नकोच होतं.

तुझी
खारू


६ ऑगस्ट

चि. खारू,

खुलासा मान्य, बिल मंजूर. शेजारच्या सीटवर कोण बसतं याबद्दल नियमात एक अक्षरही नाही. मी दोनदा वाचून बघितलं. इथून पुढे आकडा मात्र तूच लिहायचा. हात पुसायला एक फडकं ठेव.

तुझ्या बाबाला सांगता आलं तर सांग, त्याचे आकडे आता चौकटीत मावत नाहीत. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बरे होते, दुसऱ्यात रेघा सोडून हिंडायला लागले. जुलैच्या फॉर्मवर तर एक आठ शेजारच्या रकान्यात जाऊन बसलाय, पाहुण्यासारखा. त्याची घाई जन्मजात. शाळेत असतानाही जेवणाआधी हात धुवायचा नाही आणि मला पुढे करायचा, "छोटीचे बघा, छोटीचे."

या टेबलाशी बसून मला सव्वीस वर्षं झाली. माणसं मी फारशी बघत नाही, फॉर्म बघते. कोण रविवारी सासरी गेला आणि ते अंतर सोमवारात बसवतो, कोण पावसाळ्यात उगाच लांबून फिरतो, कोण एक किलोमीटरसुद्धा जास्त लिहीत नाही आणि वर्षभर पदरचं पेट्रोल जाळतो. दादा तसला होता. कमीच लिहायचा. तो निवृत्त झाला त्या महिन्यात त्याचा शेवटचा फॉर्म माझ्याकडे आला आणि मी तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ तपासला. त्यात चूक नव्हती.

तो काही बोलतो का माझ्याबद्दल? उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

आत्या


९ सप्टेंबर

चि. खारू,

हे पत्र मी आठवडाभर लिहायचं टाळलं.

तुझं ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्याचं बिल. शेवटचा दिवस, विहीर क्रमांक नऊ आणि दहा. निघताना ४७,१९८. परतल्यावर ४७,२८६. म्हणजे अठ्ठ्याऐंशी किलोमीटर. या फेरीला अडतीसच लागतात. दादा एकोणतीस वर्षं अडतीस लिहीत आला, तुझ्या जूनच्या बिलातही अडतीसच आहेत. वरचे पन्नास कुठून आले?

या वेळी आकडे तुझ्या हातचे आहेत, स्वच्छ, चौकटीत. म्हणजे कोणावर ढकलायलाही जागा नाही.

खारू, पन्नास किलोमीटरने कोणी श्रीमंत होत नाही. पण त्यापायी नोकरी गेलेली मी तीन माणसं बघितली आहेत. एकाच्या बिलावर माझीच हरकत होती. गरज असेल तर आत्याकडे माग. आत्या या शब्दाचा तेवढा तरी उपयोग असावा.

ऑक्टोबरात तपासनीस येतील. त्याआधी मला या बिलावर काहीतरी लिहावं लागेल. काय लिहू ते तू सांग.

आत्या


१६ सप्टेंबर

आत्या,

हे मी साध्या टपालाने तुझ्या घरच्या पत्त्यावर पाठवतेय. ऑफिसच्या थैलीतून पाठवायची इच्छा झाली नाही.

मी चोर नाही. आधी तेवढं वाच, मग बाकीचं.

बाबांचे डोळे चाललेत. काचबिंदू. डावा डोळा दीड वर्षापूर्वीच गेला, आम्हाला कळायच्या आधी. उजव्याने नळीतून बघावं तसं दिसतं आणि ती नळी अरुंद होत चाललीय. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, आहे ते जितके दिवस टिकेल तितके दिवस. थेंब घालायचे आणि वाट बघायची. परवाना त्यांनी स्वतः जाऊन आरटीओच्या खिडकीवर जमा केला. बाई म्हणाल्या, "काका, मुदत आहे अजून." हे म्हणाले, "परवान्याला आहे."

नंतर दोन महिने ते खुर्चीतून उठायचे नाहीत. मला नोकरी लागली तेव्हा विहिरी दाखवायच्या निमित्ताने पहिल्यांदा गाडीत बसले, आणि परतल्यावर मीटरच्या काचेला नाक लावून आकडा वाचला. वहीत लिहिला. त्या दिवशी त्यांनी दुसरी पोळी मागून घेतली. मग मी ते काम त्यांच्याकडेच ठेवलं. फीत मी धरते, गाडी मी चालवते. मीटर त्यांचं.

तू लिहिलंस, आकडा तूच लिही. मी लिहायला लागले. पण वाचायचे तेच. ते वाचणार, मी लिहिणार. त्या दिवशी ते म्हणाले, "सत्तेचाळीस हजार दोनशे शहाऐंशी." मीटरवर छत्तीस होतं. त्या काचेमागे तीन आणि आठ तसेही जुळे भाऊ दिसतात, त्यात संध्याकाळ. मी न बघता लिहिलं. त्यांनी वाचल्यावर मी परत वाकून बघितलं तर त्यांना कळतं, आत्या. दिसत नाही पण कळतं. म्हणून मी बघत नाही.

पुढच्या फेरीला निघताना चूक माझ्या लक्षात आली, तेव्हा बिल गेलेलं होतं. दुरुस्तीचं पत्र लिहायचं तर कारण लिहायला हवं. आणि त्यांनी मला तुझी शपथ घातलेली. "छोटीला सांगायचं नाही. तिला माझ्यावर दया करायची संधी द्यायची नाही."

म्हणजे बघ, बोलतात ते तुझ्याबद्दल.

तू बिलावर काय लिहायचं ते लिही. नोकरी गेली तर दुसरी बघीन. पण दुसऱ्या कुठल्या नोकरीत मला बापाला शेजारी बसवून नेता येईल, हे मला माहीत नाही. आणि त्यांना परत त्या खुर्चीत बसवायचं कसं, तेही नाही.

एक विचारू? तुमचं नक्की काय झालं? आजी गेली त्या वर्षी मी बारावीत होते. मला कोणी सांगितलं नाही. बाबा फक्त म्हणतात, "अठरा किलोमीटर."

खारू


१८ सप्टेंबर

माझ्या खारे,

माझ्या मागच्या पत्राला तुझं उत्तर अजून आलेलं नाही. कदाचित येणारही नाही, आणि मी त्याला लायक आहे. पण आज थैलीतून तुझं नवीन बिल आलं आणि मी जागच्या जागी बसून राहिले.

नव्या बिलाचा पहिला आकडा ४७,२४०. मागच्या बिलाचा शेवटचा ४७,२८६. गाडीचं मीटर मागे येत नाही. खोटं लिहिणारा माणूस पुढचा आकडा त्या खोट्यापासून सुरू करतो. गेल्या सव्वीस वर्षांत याला अपवाद बघितला नाही. खोटं पुढे चालवायचं ज्याला सुचतच नाही, त्याने ते मुळात लिहिलेलंच नसतं. त्याला कोणीतरी वाचून दाखवलेलं असतं.

मग मी जूनचे आणि जुलैचे फॉर्म काढले आणि टेबलावर ओळीने मांडले. दादाचे आकडे बघितले. चार फॉर्ममध्ये ते केवढे होत गेलेत! घाई करणाऱ्याचे आकडे लहान होतात, खारू. मोठे कोणाचे होतात ते मला माहीत असायला हवं होतं. आमचे वडील शेवटी असेच लिहायचे.

त्याला दिसत नाही ना?

दुपारी मी दोन्ही बिलं घेऊन साहेबांकडे गेले. म्हटलं, चूक वाचण्याची आहे, हेतूची नाही. पन्नास किलोमीटर कापावेत, मुलीला दोष लावू नये. त्यांनी दोन्ही आकडे बघितले, मान हलवली. मग म्हणाले, "पटलं. पण तुम्ही एवढ्या पोटतिडकीने कधी कोणासाठी आला नव्हतात. ही तुमची कोण?"

"भाची."

"आणि हे तुम्ही पहिल्या बिलाला सांगायला हवं होतं की सातव्या?"

नियम तोंडपाठ आहे मला. नातेवाइकाचं बिल आलं तर ते टेबल सोडायचं आणि लेखी कळवायचं. चार जुलैलाच सोडायला हवं होतं. मी सोडलं नाही. का, ते तुला सांगते. त्या फॉर्मवर त्याचा हात होता. तो निवृत्त झाल्यानंतर पहिल्यांदाच दर पंधरवड्याला दादाचे चार आकडे माझ्या टेबलावर यायला लागले होते. ते मी दुसऱ्याच्या टेबलावर कशी जाऊ देऊ?

मला लेखी समज मिळाली. सव्वीस वर्षांतली पहिली. तुझी फाइल उद्यापासून खिडकीशेजारच्या बाईंकडे जाईल. बाई चांगल्या आहेत, फक्त बेरजा मोठ्याने करतात.

आता नऊ वर्षांपूर्वीचं. तू विचारलं नाहीस, पण मी कोणाला तरी सांगायला हवं.

आई पडली तेव्हा दादा अकरा नंबरच्या विहिरीवर होता, स्वतःच्या गाडीने. तिथून वळला, तिला उचललं, दवाखान्यात नेलं. मी इथून निघाले, गाडी चुकली, पोचले तेव्हा ती बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी गेली. महिनाअखेर त्याचा फॉर्म आला. त्यात तो वळसा त्याने लिहिला होता. अठरा किलोमीटर. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, "आई".

मी लाल पेन्सिल घेतली आणि त्या ओळीवर रेघ मारली. बाजूला लिहिलं, "खासगी. मंजूर नाही."

नियम बरोबरच होता. आजही बरोबर आहे. कमी लिहिणाऱ्या माणसाने ते अठरा किलोमीटर पैशांसाठी लिहिले नव्हते, हेही मला तेव्हाच कळत होतं. त्याला ते फक्त कुठेतरी लिहायचे होते, आणि त्याला दुसरं काही लिहिता येत नाही. ते वाचणार मी होते, हे त्याला माहीत होतं. पण तो पोचला होता आणि मी पोचले नव्हते. ती माझी रेघ नियमाची नव्हती, त्या न पोचण्याची होती. त्याने ओळखलं. टेबलाशी आला, फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "रेघ जरा हळू ओढायचीस, छोटे." पाठ फिरवून गेला तो गेलाच. तो फॉर्म अजून माझ्या खणात आहे. कागद त्या रेघेवर जवळजवळ फाटलाय.

एक कामाचं राहिलं. फॉर्मच्या शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना असतो. आकडा कर्मचाऱ्याने लिहायचा, सही साहेबांनी करायची. शेरा कोणी लिहायचा ते कुठेच सांगितलेलं नाही आणि तो कायम रिकामाच येतो. दादाने वाचलेला आकडा तू शेऱ्यात त्याला लिहू दे. मुख्य रकान्यात तू तुझा लिही. दोन्ही जुळले तर उत्तम. नाही जुळले तर बाई मुख्य रकाना धरतात.

आत्या

ता. क. २० तारीख. तुझं पत्र आत्ता मिळालं. आपली पत्रं रस्त्यात एकमेकींना ओलांडून गेली. दया करायचं म्हणशील, तर मी त्या माणसावर आजवर साधी कृपासुद्धा केलेली नाही. पण शपथ मोडलीस हे बरं केलंस.


३ ऑक्टोबर

आत्या,

शेऱ्याचा रकाना चालू झाला. मी बाबांना सांगितलं, नवीन पद्धत आली आहे, दुबार नोंद. त्यांनी जरा संशयाने बघितलं, म्हणजे ज्या बाजूने दिसतं त्या बाजूने मान वळवली. "ही पद्धत कोणाच्या डोक्यातून निघाली?"

मला खोटं जमत नाही हे तुला आता माहीत आहेच. गाडी बाजूला घेतली आणि सगळं सांगितलं. पत्रं, पन्नास किलोमीटर, तुला मिळालेली समज. तुझं शेवटचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं, लाल पेन्सिलीपर्यंत आणि पुढेही. रागावू नकोस. ते तुला सांगता आलं नसतं आणि त्यांना विचारता आलं नसतं.

विहीर क्रमांक चार आली, मी फीत सोडली, टप वाजलं. "लागली" म्हणाले नाहीत. पहिल्यांदाच. मी परत येऊन बसले तर म्हणाले, "लेखी समज म्हणजे वेतनवाढ अडकते का गं?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"अडकते," म्हणाले. घरी आल्यावर मीटर वाचलं. बरोबर वाचलं.

रात्री थेंब घालताना विचारतात, "तिचे केस पिकले असतील ना?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी कुठे बघितलंय. त्यावर म्हणाले, "बघायला हवं. लवकर."

डॉक्टरांची पुढची तारीख नोव्हेंबरअखेर आहे.

खारू


२१ ऑक्टोबर

चि. खारू,

वेतनवाढ अडकली. एक वर्ष. दादाला सांग, त्याचं नियमांचं ज्ञान अजून शाबूत आहे.

तपासनीस येऊन गेले. तुझ्या फाइलवर साहेबांची टीप बघितली, पान उलटलं, चहा मागवला. डिसेंबरची काळजी करू नकोस.

खिडकीशेजारच्या बाई तुझी बिलं तपासतात तेव्हा मी माझ्या जागेवरून उठत नाही. परवा त्या मोठ्याने म्हणाल्या, "काय बाई, शेऱ्यात एवढाले आकडे कोण काढतं! आणि सातच्या पोटावर रेघ!" मला मान वळवून बघता आलं असतं. बघितलं नाही. ती फाइल माझी नाही.

म्हणजे त्याचा सात बघायचा तर आता मला तिकीट काढावं लागणार. शनिवारी, आठ नोव्हेंबरला, सकाळच्या गाडीने येते. दोन दिवस राहीन. स्टेशनवर यायची गरज नाही, पत्ता माझ्याकडे आहे.

पिकलेत. सगळे. त्याला आधीच सांगून ठेव.

आत्या


१४ नोव्हेंबर

छोटे,

हे पत्र खारू लिहितेय, मी सांगतोय. मध्ये मध्ये ती स्वतःचं काही घुसडेल. ते तुझ्या लक्षात येईलच, तू सोडत नाहीस.

नीट पोचल्याचं कळलं. इथून निघताना डबा विसरलीस. तो खारूने धुऊन ठेवलाय, न्यायला यावं लागेल.

स्टेशनवर यायचं नाही म्हणाली होतीस, आलो. तू उतरलीस ती मला दिसलीस. खारूला वाटतं मी तिचं मन राखायला म्हणतोय. तसं नाही. नळीत एका वेळी एकच माणूस मावतो, आणि त्या वेळी तू मावलीस. निळी साडी, काखेत छत्री, आणि तिकीट तपासनिसाशी काहीतरी वाद. केस मी सांगितले होते त्याहून बरे आहेत. (बाबांनी काहीच सांगितलं नव्हतं. खारू.)

गाडीत तू मागे बसलीस आणि उतरताना डावा दरवाजा बाहेरून उघडायची वाट बघत राहिलीस. नऊ वर्षांत विसरलीस. त्यावरून खारू अजून हसते.

आता मुख्य गोष्ट. त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी कोरा फॉर्म मागून घेतला, आठवतं ना. माझ्या हाताने भरला. स्टेशन ते घर, चौदा किलोमीटर. कारण: "छोटी". आणि तुझ्यापुढे सरकवला. खारू घाबरली, तिला वाटलं जुनं सगळं उकरून काढतोय. पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला, मग पेन्सिलीचा. मग तू वाचून दाखवलंस, "खासगी. मंजूर नाही." आणि तुझा आवाज मध्येच गेला, तेव्हा मी हसायला लागलो आणि मग तूही, आणि खारू आमच्याकडे वेड्यांकडे बघावं तशी बघत असणार. (बघत होते.)

आईजवळ मी पोचलो तेव्हा ती शुद्धीत होती, हे तुला मी कधी सांगितलं नाही. ते सांगायचं राहून गेलं, रागात. गाडीत मागे झोपवली तर म्हणाली, "छोटीला निरोप दे, घाई करू नको म्हणावं, मी आहे." अठरा किलोमीटरमध्ये तेवढंच बोलली. ते तुझं होतं, माझ्याकडे राहिलं. तू इथे होतीस तेव्हा तोंडातून निघालं नाही, म्हणून लिहून घेतोय.

तो फॉर्म ऑफिसात जाणार नाही. गाडीच्या खणात ठेवलाय. खारू फीत सोडते तेव्हा मी तो काढून बसतो. अक्षरं मला दिसत नाहीत, लाल रंगही आता तपकिरी वाटतो. डॉक्टर या महिन्यात काय सांगतील ते मला आधीच माहीत आहे. पण रेघ बोटाला लागते. या टोकापासून त्या टोकापर्यंत सापडते.

पुढचं मी स्वतः लिहितो, खारू कागद धरेल. ओळीबाहेर गेलं तर शेरा समज.

हळू ओढ म्हणालो होतो ते मागे घेतो छोटे. जोरातच ओढ. हळू ओढलेली मला आता सापडणार नाही.

दादा